त्या बाईने घेतली तीच गोळी

भाईंदर पूर्वेला, इंद्रलोकमधल्या त्या जुन्या चार मजली बिल्डिंगीत संचिताची ओळख तिच्या जिन्यावरून होती. प्रत्येक मजल्याने आठवडाभर जिना झाडायचा असं ठरलेलं. बाकीचे झाडायचे, संचिताच्या आठवड्यात जिना फडक्याने पुसलेला असायचा, कोपऱ्यातली पानाची पिचकारीसुद्धा घासून काढलेली असायची. "मंदाताई, सून आहे की फिनेल?" असं तळमजल्याचे आत्माराम तिच्या सासूला विचारायचे, आणि मंदाताई हसून घ्यायच्या. आतून त्यांना अभिमानच वाटायचा.

माहेर संगमेश्वरकडचं. मराठी शाळेत बारावीपर्यंत शिकलेली. देवाचं फार अवडंबर नाही, पण अंघोळ झाल्याशिवाय देवघराकडे हात जायचा नाही, आणि दिवा लावल्याशिवाय तोंडात चहाचा घोट जायचा नाही. नवरा अमोल लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर. ती स्वतः जवळच्याच इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करतात त्या गाळ्यात, धुलाईच्या टेबलावर. पॉलिश झालेल्या भांड्यावर काळपट मेणाचा चिकट थर राहतो. तो गरम साबणाच्या पाण्यात सोडवायचा, पुसायचा, पुढे द्यायचा. तिच्या हातून गेलेल्या ताटावर शेठला कधी डाग दिसला नाही.

अशा बाईला लग्नाच्या पहिल्याच वर्षी अंगावरून पांढरं जायला लागलं. खाज, आणि आंबूस वास. एकदा अमोल जवळ आला, थबकला आणि म्हणाला, "कसला गं वास येतोय?" बस्स, एवढंच. म्हणाला आणि कुशीवर वळून झोपून गेला. दिवसभर दुसऱ्यांच्या लिफ्टच्या खड्ड्यात उतरून दमलेला माणूस. पण संचिताला वाटलं, जमीन पोटात घेईल तर बरं.

दवाखान्यातून तिने औषध आणलं. आत ठेवायच्या गोळ्या होत्या, थोड्याच दिवसांच्या. त्रास गेला. गोळ्या संपल्या. धास्ती मात्र गेली नाही. आता वास येत नाही ना? आत्ता आला का? नवरा अंथरुणावर बसला की ही भिंतीकडे सरकायची. आणखी थोड्या गोळ्या आणून ठेवाव्यात असं तिने ठरवलं.

पण आणायच्या कुठून? बिल्डिंगीखालचं मेडिकल गुणवंतकाकांचं. ते सासूच्या गावचे, मंडळाचे खजिनदार. त्यांच्यापुढे असलं काही मागायचं म्हणजे संध्याकाळपर्यंत ते सासूच्या कानावर. म्हणून ती पूल ओलांडून भाईंदर पश्चिमेला गेली. बाजारातल्या एका मेडिकलसमोर उभी राहिली. काउंटरला चार पुरुष. तिच्या पुढे एक बुरख्यातली बाई होती. तिने हळू आवाजात काहीतरी मागितलं. माणसाने पांढऱ्या गोळ्या काढल्या, कात्रीने पट्टी कापली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि खाली बघत पुटपुटला, "अंदर रखने की है, पहले से." बाई निघून गेली.

"आपको?" त्याने संचिताला विचारलं.

मागचा माणूस पुढे सरकला होता. गोळीचं जुनं नाव तिला येत होतं, पण एवढ्या पुरुषांसमोर ते उच्चारवेना.

"वही," ती म्हणाली. "उनको दिया, वही दे दो."

त्यानेही विचारलं नाही. असल्या वस्तू देताना कोणी प्रश्न विचारत नाही, कोणी सांगत बसत नाही; सगळ्यांनाच घाई असते. पुढच्या वेळी तिने रिकामी पट्टी दाखवली. कात्रीने नाव अर्धं गेलेलं, उरलेलं इंग्रजीत बारीक. माणसाने ओळखलं, दिलं.

गोळी आत विरघळली की थोडा फेस व्हायचा आणि झोंबायचं. तिला वाटायचं, झोंबतंय म्हणजे साफ होतंय. टेबलावर गरम पाण्यात हात घातला की असंच चरचरतं. मग प्रत्येक वेळी अमोल जवळ यायच्या आधी ती न्हाणीत जाऊन गोळी ठेवून यायची. दुसऱ्या दिवशी आत हुळहुळायचं. तिला वाटायचं, जुनी खाज परत येतेय. म्हणजे गोळी सोडून चालणारच नाही.

अशी दोन वर्षं गेली. मूल होईना.

आधी मंदाताई काही बोलल्या नाहीत. मग बोलायला लागल्या, पण सुनेशी नाही, भांड्यांशी. "एवढा मोठा टोप कशाला काढायचा, तिघांचं तर जेवण." अमोलने सगळ्यात आधी स्वतःची तपासणी करून घेतली, हे मात्र त्याचं कौतुक. रिपोर्ट उत्तम आला. शुक्राणू भरपूर, धावणारे. त्या संध्याकाळी मंदाताईंनी देवापुढे साखर ठेवली. संचिताने ती साखर कपाळाला लावून खाल्ली, आणि तिच्या मनात आलं, म्हणजे आता राहिले मी.

एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात एक वयस्कर डॉक्टरबाई यायच्या. जुन्या वळणाच्या, सगळं स्वतः बघणाऱ्या. त्यांनी सांगितलं, "अमुक दिवसांत रात्री एकत्र या आणि सकाळी इकडे या. आतला चिकट स्राव थोडासा घेऊन सूक्ष्मदर्शक दुर्बिणीखाली बघू. सकाळी आत पाणी घालून धुवू नकोस, एवढंच."

संचिताने सकाळी धुतलं नाही. पण आदल्या रात्री गोळी ठेवायला ती विसरली नाही. उलट दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे जायचं होतं, अंग स्वच्छ नको?

डॉक्टरबाई दुर्बिणीला डोळा लावून बराच वेळ बसल्या. काच सरकवली. परत बघितलं. चष्मा पुसला.

"काय झालं बाई?" संचिताने विचारलं.

"एकही हलत नाहीये," त्या म्हणाल्या. "आहेत पुष्कळ. पण सगळे मरून पडलेत. नवऱ्याचा रिपोर्ट तर एवढा चांगला…" मग त्यांनी संचिताकडे बघितलं. "आत काही लावतेस? क्रीम, जेली, साबण, गोळी?"

पडद्याच्या पलीकडे अमोल उभा होता. त्याच्या बुटांची टोकं पडद्याखालून दिसत होती.

"नाही," संचिता म्हणाली.

खोटं बोलायचं तिच्या मनात नव्हतं. पण गोळी म्हटली की का ठेवतेस, कधीपासून, म्हणजे तो आजार अजून आहे का, हे सगळं त्या बुटांना ऐकू गेलं असतं. आणि स्वच्छतेचं औषध ते. त्याचा याच्याशी काय संबंध?

डॉक्टरबाईंनी मान हलवली. "कधीकधी बाईच्या शरीरालाच ते परके वाटतात. ते मारून टाकतं. तुझं रक्त तपासू आपण, मग बघू."

त्या "मग बघू" म्हणाल्या, पण संचिताने ऐकलं ते त्याच्या आधीचं.

शरीरच मारून टाकतं! रिक्षात अमोल काहीतरी बोलत होता, रक्ताची तपासणी कुठे करायची वगैरे. ती हो हो म्हणत होती. तिला स्वयंपाकघरातल्या मुंग्या आठवत होत्या. साखरेच्या डब्याला मुंग्या लागल्या तर ती डबा उन्हात ठेवून वाट बघायची, पाणी ओतायची नाही. आणि तिच्या आत, प्रत्येक वेळी, एवढे जीव. कोणी न सांगता. तिला न कळता.

त्यानंतरचे दिवस तिने कसे काढले ते तिचं तिला ठाऊक. दिवा लावताना आपण देवाला हात लावावा का, असं मनात यायचं. अमोल जवळ आला की डोकं दुखतंय म्हणायची. तो समजूतदारपणे बाजूला व्हायचा, ते तिला जास्त लागायचं. उद्या रक्तातही तेच निघालं तर हा काय करेल? टाकणार नाही, असा माणूस नाही. पण जन्मभर दुसऱ्यांच्या मुलांना लिफ्टमध्ये खेळवत राहील, आणि तिच्याकडे बघून काही बोलणार नाही.

त्यात मंदाताईंनी शिमग्याला गावी जायचं ठरवलं. "ग्रामदेवीला कौल लावू," त्या म्हणाल्या. "गुरव फुलं लावील. डावं पडलं, उजवं पडलं, काय ते देवी सांगेल. डॉक्टर काय, पैसे घेतात नि 'मग बघू' म्हणतात."

"आई, रक्ताचा रिपोर्ट येऊ दे ना," संचिता म्हणाली.

"रिपोर्ट येवो न येवो. देवीला विचारायला तुला कसली भीती गो?"

भीती होती. लहानपणापासून तिने देवीकडे पाहून हात जोडले होते, आणि आता पहिल्यांदाच तिला वाटत होतं की देवीने बोलू नये. सगळ्या गावासमोर, पालखीपुढे, ते फूल डावीकडे पडलं तर?

गाळ्यात धुलाईच्या टेबलावर तिच्या समोर चांदणी असायची. भाईंदरचीच, जुन्या आगरी घरातली, सासऱ्यांची कधीकाळी मिठागरं होती. तोंडाने फटकळ, दोन पोरांची आई. जेवणाच्या सुट्टीत ती एकदा बाकावर सारखी चुळबुळ करत होती.

"काय गो, बूड का टेकत न्हाय तुझं?" शेजारच्या बाईने विचारलं.

"टेकंल कसं? खाजेनं जीव चाललाय," चांदणी म्हणाली. "या पाण्यात उभं राहून राहून. नवरा म्हणतो, तूच स्वतःला पॉलिश करून घे."

सगळ्या हसल्या. हसणं ओसरल्यावर संचिता तिला बाजूला घेऊन गेली. एवढ्या दिवसांत दुसऱ्याचं दुखणं ऐकून तिला पहिल्यांदा काहीतरी करावंसं वाटलं होतं. पर्सच्या आतल्या कप्प्यातून तिने पट्टी काढली. "हे घे. आत ठेवायची. थोडं झोंबतं, पण साफ होतं. कोणाला सांगू नको."

चांदणीने पट्टी हातात घेतली, उजेडात धरली, आणि फसकन हसली.

"अगो, ही कशाला देतंस मना? माझ्याकडं डबा भरून हाय!"

"तुला पण होतं का असं?"

"खाजेला न्हाय गो!" चांदणीने आवाज खाली आणला. "ही पोर न व्हायची गोळी हाय. तिसरं नको म्हणून मी हीच ठेवते. आपरेशनला सासू न्हाय म्हणते ना." आणि मग, संचिताच्या तोंडाकडे बघत, तिचं हसणं हळूहळू उतरलं. "तू… तू कशाला ठेवतंस?"

संचिता खाली बसली. तिथेच, ओल्या फरशीवर, जिथे ती कोणाला बसू देत नसे.

"किती दिस गो?" चांदणीने विचारलं.

तिने सांगितलं.

"आय माझे," चांदणी म्हणाली, आणि तिच्या पाठीवर ओला हात ठेवून बसून राहिली.

कोणालाही वाटेल की आता हिचा जीव भांड्यात पडला असेल. तसं झालं नाही. आधी भीती होती की आपलं अंग विषारी आहे. आता भीती वाटायला लागली की आपण स्वतःच्या हाताने ते विषारी करून घेतलंय. दोन वर्षं, थोडं थोडं. गर्भाची पिशवी जळून गेली असेल तर? सरळ हॉस्पिटल गाठून ती डॉक्टरबाईंच्या दारात उभी राहिली. अमोलला न घेता. पट्टी टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "बाई, मी तुमच्याशी खोटं बोलले." मग मेडिकलमधल्या 'वही दे दो'पासून चांदणीपर्यंत सगळं सांगितलं.

डॉक्टरबाईंनी पट्टी बघितली. कपाळाला हात लावला. पण रागावल्या नाहीत.

"बस," त्या म्हणाल्या. "हे काय आहे ते नीट ऐक, म्हणजे रात्री झोप येईल. हा एक प्रकारचा साबण आहे, दुसरं काही नाही. शुक्राणू कसा असतो? एक डोकं, बारीक मान, लांब शेपूट. आणि सगळ्या अंगावर सायीसारखं एक पातळ आवरण, तेलकट. हे औषध विरघळलं की त्या तेलकट आवरणाला धरतं आणि फोडतं. आवरण फाटलं की आतलं बाहेर. शेपटीला जोर देणारं जे यंत्र मानेत असतं ते थांबतं. शेपूट हलत नाही. डोक्यावर अंड्यात शिरण्यासाठी एक टोपी असते, तीही जाते. मग तो कुठे जाणार?"

संचिता ऐकत होती. "आमच्याकडे पॉलिशचं मेण सुटतं तसं? गरम पाण्यात साबण टाकला की?"

"तसंच समज."

"मग माझं शरीर नाही मारत त्यांना?"

"तुझ्या शरीराने काही केलेलं नाही. गोळीने केलं. रक्ताची तपासणी आता लागणारही नाही कदाचित."

"पण आतली पिशवी? ती पण सुटली असेल ना, मेणासारखी?"

"नाही गं. हे तिथवर पोचत नाही, आणि साधारण तासाभरात त्याचा जोर संपतो. साठून राहत नाही. आज थांबवलंस की आज संपलं." त्या थोड्या थांबल्या. "मात्र हा साबण शेपूटवाल्यांना ओळखून मारत नाही. तुझ्या आतल्या कातडीलाही तो खातो. म्हणून झोंबायचं. तू समजायचीस साफ होतंय, आणि झोंबलं म्हणून परत ठेवायचीस. बघू दे, वर ये."

त्यांनी तपासलं. जुना आजार नव्हता. होता तो फक्त लालसरपणा, गोळीचाच. "आत काही घालायचं नाही. साबण नाही, डेटॉल नाही, काही नाही. आतली जागा स्वतःची स्वतः साफ करते. देवाने तशीच केलीय."

"वास आला तर?"

"आजाराचा वास वेगळा, बाईचा वेगळा. आजाराचा आला तर माझ्याकडे ये. मेडिकलमध्ये 'वही दे दो' म्हणायला जाऊ नकोस." मग त्या हसल्या. "आणि त्या मैत्रिणीला सांग, तिसरं नको असेल तर एवढ्यावर भरवसा ठेवू नये. या गोळीवर विसंबून पुष्कळजणी फसतात. तू फार नेमाने वापरलीस, म्हणून बिचारे मेले सगळे."

निघताना संचिताने विचारलं, "मग होईल ना बाई?"

"ते मी आज नाही सांगणार. कातडी बरी होऊ दे. पुढच्या महिन्यात परत बघू, गोळीशिवाय. नवऱ्याला मात्र सांग. या वेळी त्याला अर्धवट माहिती नको."

हे सांगणं सगळ्यात अवघड होतं. घरात सांगता येईना. दोन खोल्यांत मंदाताईंना सगळं ऐकू जायचं. रविवारी त्यांनीच उत्तनच्या कोळीवाड्यातून सुके बोंबील आणायला दोघांना पाठवलं. बस डोंगरीच्या चढावरून खाली उतरली, समुद्र दिसला, तरी संचिताच्या तोंडून शब्द निघाला नव्हता. किनाऱ्यावर बांबूंच्या ओळीवर बोंबील सुकत होते. एक कोळीण त्यांच्याकडे बघून ओरडली, "ये गो पोरी, सुकं खडखडीत हाय, घे ना! नवऱ्याला इचारू नको, त्याला काय कळतं?"

अमोल हसला. संचिता हसली नाही. बोटींच्या सावलीत ती उभी राहिली आणि समुद्राकडे तोंड करून एका दमात सगळं सांगून टाकलं. बुरख्यातली बाई, कात्रीने कापलेली पट्टी, फेस, चांदणी, साबण. संपलं तेव्हा तो वाळूत खाली बसला होता.

"दोन वर्षं," तो म्हणाला. "आई देवाला नारळ ठेवतेय, मी त्या लॅबमध्ये बाटली घेऊन बसलोय, आणि तू…"

"मला माहीत नव्हतं हो."

"पण का? कशाला ठेवायचीस?"

"तुम्ही म्हणाला होतात, वास येतोय."

"मी?" अमोलने मान वर केली. "कधी?"

तिने त्याच्याकडे बघितलं. तो खरंच आठवत होता. कपाळाला आठ्या घालून, प्रामाणिकपणे. त्याला आठवत नव्हतं. जे वाक्य तिने दोन वर्षं न्हाणीत प्रत्येक वेळी ऐकलं, ते त्याने झोपता झोपता म्हटलं होतं आणि सकाळी त्याच्यापाशी उरलंही नव्हतं.

तिला रडू आलं ते तिथे. अमोलला काय करावं कळेना. लोक बघत होते. "अगं, मला लिफ्टच्या ग्रीसचा वास येतो दिवसभर," तो म्हणाला, "तू कधी काही बोललीस?" मग तिचा हात धरून बसला, उघड्यावर, जे त्याने लग्नानंतर कधी केलं नव्हतं. कोळीणबाईनेच शेवटी बोंबील बांधून आणून दिले.

घरी त्याने आईला एवढंच सांगितलं, "औषध चुकीचं चाललं होतं. आता बदललंय. कौल पुढच्या वर्षी." मंदाताईंनी दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघितलं, आणि बोंबील डब्यात भरायला घेतले.

पुढच्या महिन्यात ती रात्र आली. न्हाणीकडे जाणारे पाय तिने आवरले. पट्टी केव्हाच कचऱ्यात गेली होती, तरी हात पर्सच्या कप्प्याकडे गेला. अंथरुणावर ती लाकडासारखी पडून राहिली, त्याच्या नाकाकडे लक्ष ठेवून. "श्वास घे गं," अमोल म्हणाला. "मी घेतोय ना?"

सकाळी हॉस्पिटलात ती टेबलावरून उतरली आणि डॉक्टरबाईंच्या पाठीकडे बघत उभी राहिली. डॉक्टरबाई दुर्बिणीला डोळा लावून बसल्या होत्या. काच सरकवली. संचिताच्या मनात देवीचं नाव सुरू होतं, पण मागणं काय मागावं ते सुचत नव्हतं. मूल नको मागायला, ते फार पुढचं. आज एकच. एक तरी हलू दे.

"इकडे ये," डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि खुर्चीवरून उठल्या.

तिने डोळा लावला. आधी नुसतंच राखाडी, धूसर. मग डॉक्टरबाईंनी एक चाक फिरवलं आणि त्या धुक्यात काहीतरी वळवळलं. मग दुसरं. मग कितीतरी. काही जागच्या जागी गोल फिरत होते, काही दमल्यासारखे, आणि काही सरळ, एका दिशेने, शेपूट मारत चालले होते. तिने श्वास धरून ठेवला, जणू तिच्या श्वासाने ते उडतील.

"बाई," ती कुजबुजली, "हा एक अडकलाय. पलीकडे जाईना."

"जाईल किंवा नाही जाणार. सगळे नसतात जात."

"गेला! गेला बाई."

पडदा बाजूला झाला. अमोलला बाहेर राहवलं नव्हतं. "काय दिसतंय? मला बघू दे ना."

"थांबा हो," संचिता म्हणाली. डोळा तिने काही वर उचलला नाही.